घेऊनये

सोनई, ता. नेवासे
१३ ऑक्टोबर १९४६

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या सेवेशी,
बनूचा प्रभूच्या नावाने सलाम, विनंती विशेष.

तुमचं दसऱ्याचं पत्र पावलं. माझ्यासाठी सुटी सुटी बाळबोध अक्षरं काढताना हात दुखतो, तेवढ्यात मोडीत चार पत्रं झाली असती, असं लिहिलंत. वाचून हसू आलं. पण माझी शिकवणी कशी झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे मास्तर, संध्याकाळी ओट्यावर बसून शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मोठ्याने वाचत. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं. मग ते शाळेत गेले की मी तेच पान उघडायची आणि पाठ असलेल्या शब्दांवर बोट ठेवत अक्षरं ओळखायची. छापील तेवढं मला आलं. मोडी मला अजून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखीच दिसते.

इकडे बाजरीची काढणी झाली. रॉकेल मिळत नाही, त्यामुळे दिवस मावळला की आमचं वाचन संपतं. शेजारच्या गोजरबाई विचारतात की मिरजगावच्या बामणीन वन्सं अजून लिवतात व्हय. मी सांगते, लई लिवतात. त्यांना त्याचं मोठं नवल वाटतं.

मास्तरांना जाऊन येत्या पौषात सहा वर्षं होतील. चष्मा कोनाड्यात आहे, रोज पुसते. त्यांच्या तोंडून तुमचं घर इतक्यांदा ऐकलंय की डोळे मिटून आत चालत जाईन. चिंचेखालचा रांजण, तुम्ही दोघांनी पाटीवर काढलेली मोडीची वळणं, आईच्या हातचा मेतकूट-भात. बाटून बाहेर पडलेल्या माणसाने आपल्या घराबद्दल इतकं गोड बोलावं, याचा मला नव्या संसारात राग यायचा. खरं म्हणजे भीती वाटायची.

त्या भीतीचंच लिहायला बसले आहे. तीन वेळा कागद फाडला, आता फाडणार नाही.

सन पंचवीसच्या भाद्रपदात मास्तर शाळेत असताना मिरजगावचं कार्ड आलं. पोस्टमन भिमाजी म्हणाला, मास्तरांच्या गावचं हाय. चार वर्षांत पहिलंच. मला वाटलं, प्रायश्चित्त देऊन त्यांना परत जातीत घ्यायला बोलावताहेत. मी रोजंदारीवाल्याची पोर, मला त्या घरात कोण उभं करणार? ते गेले तर कायमचे गेले. मी कार्ड पदराखाली घेऊन बाजारात आडतीच्या दुकानी गेले आणि तिथल्या दिवाणजींकडून वाचून घेतलं. त्यांनी वाचलं ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. आईस बरे नाही, लवकर ये, येताना बायकोस बरोबर घेऊ नये.

मी ते कार्ड मास्तरांना दिलंच नाही. पेटीच्या तळाच्या कागदाखाली घातलं.

महिन्याने आई गेल्याची बातमी आली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले की मला बोलावलंसुद्धा नाही. मी समोरच होते, हातात भाकरीचं पीठ होतं. भाकरी थापत राहिले.

वन्सं, पूर्वी पहाटे जात्यावर बसले की देव समोर बसल्यासारखा वाटे, खुंट्याला त्याचाही हात आहे असा. त्या दिवसापासून जातं एकटीलाच ओढावं लागतं. आमच्या देवळात, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, तीन महिन्यांनी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे घातलेलं ताट रांगेतून फिरतं, मागून प्याला. कोणाशी काही राहिलं असेल तर आधी मिटवून यावं, असा नेम आहे. ताट माझ्याकडे आलं की मी ते तसंच गोजरबाईंकडे सरकवते. एकवीस वर्षं झाली. मास्तर पुरुषांच्या बाजूला बसत, पण त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. एकदाच विचारलं. मी म्हटलं, माझी तयारी नाही. पुन्हा विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं.

देवळातल्या पाळकसाहेबांना मात्र मी गेल्या उन्हाळ्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाने केव्हाच क्षमा केली. केली असेल. पण मिरजगावात दाराकडे बघत देव बसला नव्हता, तुमची आई बसली होती. म्हणून तुम्हाला लिहिते.

तुमचा लोभ यापुढे राहील का, हे विचारण्याचं तोंड नाही.

बनू

मिरजगाव, ता. कर्जत
२९ ऑक्टोबर

बनूस,

पत्र पोचलं. ऐन दिवाळीत पोचलं.

ते कार्ड ठेवलं असशील तर पाठव. टाकून दिलं असशील तर तसं लिही. जास्त काही आत्ता लिहवत नाही.

नीलांबरी

सोनई
८ नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप वन्संना बनूचा सलाम.

मास्तर गेल्यावर आपली पत्रं सुरू झाली, त्या पाच वर्षांत तुमचं पहिलं पत्र आलं की ज्याच्या वर श्री नाही, आशीर्वाद नाही, आणि खाली लोभ नाही. मला ते योग्यच वाटलं. गोजरबाईंनी विचारलं की वन्सं काय म्हनतात, तर मी म्हटलं, बऱ्या हायेत.

कार्ड सोबत आहे. कडा कसरीने खाल्ल्या आहेत, मजकूर शाबूत आहे. एकवीस वर्षांत मी ते पुष्कळदा काढून पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बघत बसायची. शास्त्रातल्यासारखं यातलंही पाठ होतं, म्हणून बोट ठेवून जुळवू पाहिलं. पण तुमच्या मोडीत एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तेच कळेना.

हे माझ्याजवळ एकटीजवळ राहू नये असं वाटतं, म्हणून आणखी एक लिहिते. शेवटच्या तापात मास्तरांना माणूस ओळखू येईना. ते मला सारखे सांगत, आईनं हाक मारली का बघ. मी दारापर्यंत जाऊन यायची आणि म्हणायची, नाही मारली. खरी हाक पेटीत होती, चार पावलांवर. तेव्हा काढून दिली असती तर त्यांना कळलं असतं की नसतं, देव जाणे. मला भीती वाटली की कळेल.

पाप म्हणजे काही मोठं काळं असावं, असं मी लहानपणी समजत होते. माझं तर पोस्टाचं एक कार्ड आहे, दोन बोटांत मावणारं. करायला एवढासा वेळ लागला. नंतर रोज सांभाळावं लागलं. पाहुणा आला की पेटीकडे बघायचं, सफाई काढली की पेटी आपणच उचलायची. देवाची आठवण येत नव्हती असं नाही. फार येत होती. माहेरी जायचं मनात यावं आणि कोणत्या तोंडाने जाऊ म्हणून उंबऱ्यातच बसावं, तशी.

मला मोकळं करा असं मागत नाही. खरं तेवढं तुमच्यापाशी असू दे. उत्तर नाही आलं तरी मी समजेन. थंडी पडली आहे, तुमच्या गुडघ्यांना शेक देत जा.

बनू

॥ श्री ॥
मिरजगाव
२ डिसेंबर १९४६

चि. बनू हिस अनेक आशीर्वाद.

वर श्री घातलं आहे, बघून घे.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी अनारसे तळत होते. कढई उतरवली ती पुन्हा चढवली नाही. तुला लिहायला चांगले कठोर शब्द मनात जुळवले होते, ते सांगत नाही. पण एक गोष्ट राहून राहून टोचत होती, म्हणून कार्ड मागवलं. आता ते समोर आहे आणि अक्षर माझंच आहे. आई सांगत होती, मी लिहीत होते. तिची बाज तिने दाराशी ओढून घेतली होती. तिथेच खाली बसून लिहिलं.

बनू, तुझ्या दिवाणजींनी चुकीचं वाचलं. मोडीत लेखणी न उचलता ओढत न्यायचं असतं, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. मी लिहिलं आहे ते असं: येतानाबायकोसबरोबरघेऊनये. आडतीवरच्या माणसाचा जन्म देऊ नये, घेऊ नये वाचण्यात गेला. त्याने सवयीने शब्द तिथेच तोडला. एक अक्षर अलीकडे. आई म्हणाली होती, बायकोस बरोबर घेऊन ये.

मी तुझं समाधान करते आहे असं वाटेल. मी गोड बोलणारी बाई नाही, हे तुझा नवरा तुला सांगून गेला असेल. पण नीट विचार कर. आजारी आई आपल्या मुलाला ‘घेऊ नये’ म्हणेल का? ते कचेरीचं बोलणं. आमच्या आईच्या तोंडात नये हा शब्द कधी नव्हता. तिचं सगळं नको. पळू नको, भिजू नको, बाटू नको. तुला आणायची नसती तर ती म्हणाली असती, आणू नको. तिचं बोलणं तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून तुला कळण्यासारखं नव्हतं.

खोटं मात्र लिहिणार नाही. तिने तुला स्वयंपाकघरात घेतलं नसतं. ओसरीवर बसवलं असतं, पाणी वरून वाढलं असतं. पण पाहिलं असतं, पोटभर. तुझ्यासाठी हिरवा खण आणून उशाशी ठेवला होता. मुलाला विटाळ झाला तरी सुनेची ओटी रिकामी नको, असं ती म्हणाली. तेही बघ, नकोच.

हे वाचून तुझं पाप हलकं होईल असं मला वाटत नाही. उलट वाढेल. तू त्यांचं बोलावणं लपवलंस असं तुला वाटत होतं. त्यात तुझं स्वतःचंही होतं.

आता माझं. आठ दिवस उत्तर नाही, तेव्हा आई म्हणाली, निल्ये, दुसरं कार्ड टाक. मी टाकलं नाही. ज्याला यायचं नाही त्याच्या किती पाया पडायचं, असा माझा ताठा. आईला सांगितलं, टाकलं. ती आणखी पाच दिवस दाराकडे बघत होती. गेल्यावर तेरावा होईपर्यंत निरोप धाडला नाही, तोही मुद्दाम. आणि तो खण रागाने बोहारणीला देऊन वाटी घेतली. ती वाटी अजून आहे, रोज तिच्यात तेल काढते. तुझ्या पेटीसारखीच.

तू तुझ्या देवापाशी एकवीस वर्षं रडत आलीस. मी माझ्या देवाला रोज फुलं वाहिली आणि याचा एक शब्द काढला नाही. तुझं पत्र आल्यावर प्रथमच काढला. भावाला तर आता सांगता येत नाही. तुला सांगते.

घरात मी एकटी उरले आहे. तुला अडवणारं आता माझ्याखेरीज कोणी नाही, आणि माझे गुडघे दुखतात. संक्रांतीला ये. चुलीपाशी पाट मांडते. खण नवा आणीन. विधवेची ओटी भरत नाहीत हे मला कळतं. नुसता घडी करून देईन.

गुडघ्यांना शेक देते. लोभ खाली लिहायचा मागे राहिला होता, तो या खेपेस दुप्पट समज.

तुझी
नीलांबरी

सोनई
२७ डिसेंबर १९४६

तीर्थस्वरूप वन्संना बनूचा नाताळचा सलाम.

तुमचं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं, मग आत जाऊन वाचलं. त्यानंतर दोन दिवस काही वाचवलं नाही. तुम्ही म्हणता तसंच झालं, आधी वाढलं. हिरवा खण डोळ्यांपुढून जाईना. मला कोणी कधी बोलावणार नाही, असं मी ठरवून बसले होते. म्हणून दुसऱ्याने तसं वाचून दाखवलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. शंका आली असती तर मी आणखी एखाद्याकडून वाचून घेतलं असतं. दिवाणजींनी अक्षर तोडलं खरं, पण विश्वास मी ठेवला.

तुमच्या दुसऱ्या कार्डाचं वाचून मला राग यायला हवा होता. खूप वाट पाहिली, आला नाही. आपण दोघी दोन गावांत एकाच माणसाला एकमेकींपासून राखत बसलो, एवढंच वाटलं. माझ्या बाजूने तुमच्याशी काही राहिलेलं नाही. ती वाटी टाकू नका.

परवा नाताळचं प्रभुभोजन झालं. मंदिरात झेंडूच्या माळा होत्या, पोरांनी पताका उलट्या लावल्या होत्या. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताट रांगेत निघालं. माझ्याकडे आलं तसा गोजरबाईंनी सवयीने हात पुढे केला. मी ताट सोडलं नाही. त्यांनी जरा ओढलं, मीही ओढलं. बाया बघायला लागल्या. गोजरबाई हळूच म्हणाल्या, अगं दे की. मी म्हटलं, थांबा, मला घ्यायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेऊन पदर डोळ्यांना लावला. त्यांना काही ठाऊक नाही, वन्सं. नुसतं एकवीस वर्षं शेजारी बसून ताट घेतलंय.

तुकडा हातात होता तेव्हा तुमचं अक्षर आठवलं. देवाने दर तीन महिन्यांनी ते ताट माझ्यापुढे आणलं, आणि मी दर वेळी वाचलं, घेऊ नये. मजकूर तोच होता. मीच चुकीच्या जागी तोडत होते. तुकडा जिभेवर ठेवला. बाजरीची भाकर, जरा करपलेली. सावकाश चावून खाल्ली.

आज पहाटे जात्यावर बसले. मोठं काही झालं नाही. पण जातं हलकं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नगरहून मिरजगावची मोटार धरीन. बरोबर फार काही आणत नाही. एक लुगडं, तुमच्या गुडघ्यांसाठी करंजाचं तेल, आणि कोनाड्यातला चष्मा. चिंच आणि रांजण अजून असतील तर त्यांच्यापुढे धरीन. सासूबाईंनी त्यांना लिहिलं होतं, बायकोस बरोबर घेऊन ये. मी ते होऊ दिलं नाही. आता बायको त्यांना घेऊन येते.

इतकी वर्षं पत्राच्या शेवटी लोभ मागत होते. या खेपेस मागत नाही, पाट मांडून ठेवा.

तुमची
बनू