दोघी आहोत, सिस्टर

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारचे तीन

प्रिय काडे,

आठवतं का तुला, सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत आपण मागच्या पायऱ्यांवर बसून कॅनव्हासच्या बुटांना खडू फासायचो? माझा डावा बूट कायम मळलेला. तू तुझे उरकून माझा ओढून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ढब्बू, तू चालतेस की नांगरतेस?" मग उभ्या राहून दोघी पाय आपटायचो, पांढरी धूळ उडायची आणि भूगोलाच्या सिस्टर लांबूनच ओरडायच्या, "खडू फळ्यासाठी असतो, मुलींनो!" आज सकाळपासून तेवढंच डोळ्यांपुढे येतंय. पुढचं येऊ नये म्हणून मन तिथंच घुटमळतंय बहुतेक.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? माझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थेंब घालायला शेजारीण येते, तिच्या हातून निम्मे गालावर पडतात. बाकी ठीक. फोन हाताशी असून ही बाई पत्र का लिहिते, असं म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलशील, हसशील, आणि मग माझ्याच्यानं पुढचं बोलवणार नाही. म्हणून.

गेल्या रविवारी तुझी सून आली होती. मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मी एक टेबल मांडून बसते, हे तुला ठाऊक आहे. मुलांना कुठल्या शाळेत घालावं म्हणून आईवडील विचारायला येतात. निवृत्त मास्तरणीला तेवढीच करमणूक. सूनबाई नातीचा हात धरून रांगेत उभी होती. नंबर आल्यावर म्हणाली, "मावशी, मी आईंना न सांगता आलेय."

मी म्हटलं, "मग बस आधी. न सांगता आलेल्यांना खुर्ची मिळते."

तिला सगळं समजावून सांगितलं. आपल्या इथे तीन वाटा आहेत. एक चर्चची शाळा, तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, वर्ग छोटे, बाई मायाळू. दुसरी, त्या चार-पाच कुटुंबांची मंडळी, जी मुलांना घरीच शिकवतात आणि आठवड्यातून तीनदा हॉलमध्ये एकत्र जमतात. आया कष्टाळू आहेत, पण तुमच्याकडे दिवसभर दुकान, घरी शिकवायला बसणार कोण? आणि तिसरी आपली, सिस्टरांची. तिथे आता मोठी प्रयोगशाळा झालीय. पाचवीपासून मुली स्वतःच्या हातानं प्रयोग करतात. मी एकीचीही भलामण केली नाही, विचार सूनबाईला.

ती म्हणाली, "हिला प्रयोगशाळेवाली हवीय. पण आईंचं एकच, तिथे नाही म्हणजे नाही. त्या बाया मुलींना विसरून येतात म्हणे."

तिथला फॉर्म द्यायची शेवटची तारीख येता शुक्रवार. घरात तुझ्या शब्दापुढे कोणी जात नाही. पोराला तर मी ओळखतेच, तू नुसती खाकरलीस तरी तो गप्प होतो.

तुझी नात हुशार आहे गं. चर्चमधल्या कुटुंबांना घेऊन मी महिन्यातून एकदा सहल काढते ना, त्यात मागच्या वेळी आम्ही पाणी शुद्ध करायचं केंद्र बघायला गेलो होतो. बाकीची पोरं टाकीच्या कठड्यावरून खाली थुंकावं की नाही, यावर चर्चा करत होती. ही एका जाड पाइपाला कान लावून उभी. इंजिनिअरनं विचारलं, "काय ऐकतेस?" तर म्हणते, "पाणी वर चढताना वेगळं वाजतं आणि उतरताना वेगळं. का?" तो माणूस डोकं खाजवत राहिला. म्हणाला, "बाई, हिला पत्रानं उत्तर पाठवतो." मी तिथेच तोंड फिरवलं. पाचवीतली तू उभी होतीस काडे, जशीच्या तशी. फक्त वेण्या नव्हत्या.

तर त्या रविवारी, सूनबाई बाहेर चपला घालत होती, तेव्हा ही टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "आजीची सहल झाली तेव्हा तुम्ही त्याच बसमध्ये होतात ना? आजी म्हणते, तुम्ही रडून गोंधळ घातलात म्हणून बस मागे फिरली."

मी म्हटलं, "हो."

आठ वर्षांच्या पोरीकडे बघून मी हो म्हटलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आता सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

भूगोलाच्या सिस्टरांची मोजायची पद्धत तुला आठवत असेल. सहलीला जोड्या लावून द्यायच्या. बसमध्ये चढलं की त्या जोडीचा नंबर पुकारायच्या आणि जोडीतल्या एकीनं म्हणायचं, "दोघी आहोत, सिस्टर." आपला नंबर सात. त्या दिवशी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर ते ग्रहांचं पितळी यंत्र होतं, हँडल फिरवलं की सगळे ग्रह गरगरायचे. चंद्र खाली का पडत नाही, असं सिस्टरांनी विचारलं, आणि तूच एकटीनं बरोबर सांगितलंस. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळ्या खाली निघाल्या, तर रखवालदार तुला म्हणाला, "फिरवायचंय का एकदा?" तू मला म्हणालीस, "तू हो पुढे ढब्बू, तुला नाही कळायचं यातलं. सिस्टरांना सांग, दोन मिनिटांत आले."

मी बसमध्ये चढले. नंबर सात आला. मी म्हटलं, "दोघी आहोत, सिस्टर."

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले, सवयीनं तोंडून गेलं. पोरवय. पाठ झालेलं वाक्य. लग्न झाल्यावर यजमानांनाही असंच सांगितलं होतं, तेही बिचारे म्हणाले, "लहान होतीस." पण सवयीनं नव्हतं गेलं. मला वाटलं, बस जरा पुढे जाईल, तू धापा टाकत मागे पळत येशील, सगळ्या हसतील आणि हुशार मुलीची जरा फजिती होईल. एवढंच हवं होतं मला.

आणि अजून एक आहे. मी खिडकीशी बसले होते. बस वळणावर वळताना तू दारातून बाहेर आलेली मला दिसलीस. एक हात वर केलेला. पायऱ्या उतरत होतीस, पळत नव्हतीस, कारण तुला खात्री होती की मी निरोप दिला असेल. मी तुला बघितलं आणि तोंड उघडलं नाही. बस मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा मला भीती वाटायला लागली, मग तर अजूनच तोंड उघडेना.

मी रडले नव्हते, काडे. गोंधळही घातला नव्हता. अर्ध्या-पाऊण तासानं सिस्टर बिस्किटं वाटत मागे आल्या, माझ्या शेजारची रिकामी जागा बघितली आणि त्यांच्या हातातून पुडा खाली पडला. बस त्यांनी फिरवली. त्यांनी विचारलं, "तू दोघी म्हणालीस ना?" मी म्हटलं, "ती माझ्या मागेच चढत होती, सिस्टर." ते दुसरं खोटं. रडले ती त्यानंतर, स्वतःसाठी. तू रखवालदाराच्या स्टुलावर बसलेली सापडलीस आणि धावत येऊन माझ्याच गळ्यात पडलीस. मी रडत होते म्हणून तुला वाटलं, हिनंच सगळ्यांना परत आणलं. मी वाटू दिलं. पन्नासच्या वर वर्षं वाटू दिलं. लग्नात, मयतीत, जिथे भेटायचीस तिथे तू लोकांना सांगायचीस, "ही होती म्हणून मी घरी आले," आणि मी "जाऊ दे गं" म्हणून हसायचे.

तुझ्या वडिलांनी त्याच आठवड्यात तुला काढून घेतलं. मग गल्लीच्या टोकाची ती शाळा, जिथे विज्ञानाला बाईच नव्हत्या. दहावीनंतर चष्म्याच्या दुकानातला काउंटर. तू तक्रार केली नाहीस कधी. उलट, काचा घासता घासता गिऱ्हाइकांना प्रकाश कसा वाकतो ते समजावून सांगायचीस. मी दुकानात आले की मला बसायला द्यायचीस. मला तिथे पाच मिनिटांच्या वर बसवायचं नाही, ते कामाची घाई म्हणून नव्हे.

सिस्टरांना परत कधी सहल मिळाली नाही. वर्गही काढून घेतला, ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. मी त्याच शाळेत शिकवायला लागले तेव्हा त्या अगदी म्हाताऱ्या झाल्या होत्या. माझी पहिली सहल निघाली त्या दिवशी फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मुली मोजताना आवाज मोजू नकोस. चेहरे मोज." एवढंच. बाकी काही विचारलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी सहलीला निघून गेले. परत आल्यावर त्यांच्याकडे जाऊन बोलायचं ठरवलं होतं. मग परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग त्यांच्या दफनाला मी पहिल्या रांगेत उभी होते.

तू ज्यांना आयुष्यभर निष्काळजी म्हणत आलीस, त्या तुला विसरल्या नव्हत्या. त्यांना फसवलं गेलं, तुझ्याच जोडीदारणीकडून.

नातीला कुठे घालायचं ते तुम्ही घरातले ठरवा. चर्चची शाळा पसंत पडली तर तीही चांगली आहे, मी मनापासून सांगते. पण त्या बसपायी नको ठरवूस. माझ्या मत्सराची किंमत तू दिलीस. आता तिनं देऊ नये.

सोबत तीन पाकिटं आहेत. पिवळं सूनबाईला दे. त्यात तिन्ही शाळांची माहिती आहे, आणि सिस्टरांच्या शाळेचा फॉर्म. पालकांची सही तेवढी राहिलीय. शुक्रवारी बाराच्या आत ऑफिसात पोचला पाहिजे, द्यायचा ठरला तर. निळं तुझ्या मुलाला. या पत्रातली बसची हकीकत त्यात थोडक्यात लिहिलीय. आई शाळेचं नाव काढलं की का चिडते, ते त्याला कळायला हवं आणि ते तुला सांगावं लागू नये. तिसऱ्यात इंजिनिअरचं पत्र आहे, पाइपाची आकृती काढून पाठवलीय. ते नातीचं. तिलाच फोडू दे.

निळ्या पाकिटात आहे तीच हकीकत मी काल शाळेच्या मदरना दिली, सिस्टरांच्या फायलीत लावायला. त्यांची एक भाची हयात आहे, तिला उद्या पोस्टानं जाईल.

नातीला मी हो म्हटलं ते खोटं होतं, हे मात्र कुठल्याच पाकिटात घातलेलं नाही. ते तिला मीच तोंडानं सांगणार आहे, तू भेटू दिलंस तर. नाही दिलंस, तर तूच सांग, आणि माझी बाजू सांभाळून घेऊ नकोस.

या पत्राचं काय करायचं ते तू बघ. उत्तराची मी वाट बघेन, पण मागणार नाही.

'तुझी' लिहायला आज हात धजत नाही.

ढब्बू