जिराफाच्या जिभेपर्यंत

१ मार्च, रविवार. सकाळी ८.१०
ठरलं. १६ मेला चौघांनी थीम पार्कला जायचं. दोन दिवस, एक मुक्काम. आखणी पूर्ण माझ्याकडे.
थोरला सात वर्षांचा. त्याला एकच गोष्ट हवी आहे, मोठा रोलर कोस्टर. धाकटी चार वर्षांची. तिला बदकांच्या नावा हव्यात.
रोलर कोस्टरला अट आहे : उंची एकशे वीस सेंटीमीटर. स्वयंपाकघराच्या चौकटीला उभा करून थोरल्याला मोजला. एकशे साडेपंधरा. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, अडीच महिने आहेत, साडेचार सेंटीमीटर म्हणजे काय! तू बसणार. शब्द दिला. वजनमापे निरीक्षकाचा शब्द आहे, काटा मारलेला तराजू नव्हे.

३ मार्च
वेळापत्रक तयार. मिनिटामिनिटाचं. १०.४० ते १०.४४, धाकटीची शू. ही म्हणाली, अहो, तिच्या शूला वाचता येतं का?
हिला नियोजनाचं वावडं आहे.

८ मार्च, रविवार
११५.५. दूध दोन वेळा सुरू. दाराच्या दांडीला लटकणं, रोज. लटकताना तो मोठ्याने आकडे मोजतो. मोजणं आमच्या रक्तात आहे.

१५ मार्च, रविवार
११५.५ असावी. तो चौकटीला पाठ लावून उभा, डोळे घट्ट मिटलेले. किती बाबा, किती? पेन्सिल किंचित तिरकी धरली गेली. ११६.५.
थोडी चूक प्रत्येक मापात माफ असते. आमच्या नियमांतच तशी तरतूद आहे. त्याने घरभर उड्या मारल्या.
निश्चय : पुढच्या वेळी पेन्सिल सरळ.

१९ मार्च
कापडवाल्याची मीटरपट्टी एक सेंटीमीटर आखूड निघाली. जप्त केली. म्हणाला, साहेब, एका सेंटीमीटरने कोण उघडं पडलंय? म्हटलं, मीटर म्हणजे मीटर. समोरचा तुमच्यावर विश्वास ठेवून उभा असतो, आणि तुमचा हात सरकतो. आवाज चढला होता. गिऱ्हाइकं बघत होती. छान बोललो.
दुपारी डबा तसाच परत आणला. ऊन फार आहे.

२२ मार्च, रविवार
११७.५. पेन्सिल बोथट होती. रेघ जाड आली. वरची कड धरली.

५ एप्रिल, रविवार
११८.५. केस उभे होते. केस शरीराचाच भाग आहेत.
ही भाजी चिरता चिरता म्हणाली, पँट तर तीच बसतेय. म्हटलं, काही मुलं आधी वरून वाढतात. तिने वर पाहिलं नाही. सुरी थांबली, परत चालू झाली.

१० एप्रिल
शाळेतून चिठ्ठी. आरोग्य तपासणीत उंची ११६ भरली. थोरला पीटीच्या सरांना म्हणाला, तुमची टेप खोटी आहे, माझे बाबा येऊन जप्त करतील. सरांनी तासभर वर्गाबाहेर उभं केलं.
त्याला विचारलं, रडलास का? म्हणाला, नाही, मला माहीत होतं ना माझंच बरोबर आहे.
चिठ्ठीवर सही केली. खाली लिहिलं, 'वाढत्या वयात मापांत फरक संभवतो.' सहीखाली नेहमीसारखं माझं सरकारी खातं मात्र लिहिलं नाही.
निश्चय : रविवारी त्याला खरं सांगणे.

१२ एप्रिल, रविवार
धाकटीला ताप. नाही सांगितलं.

१९ एप्रिल, रविवार
११९.५. हिने चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, ही रेघ कोणाची? म्हटलं, उन्हाळ्यात लाकूड फुगतं. ती म्हणाली, मग खालच्या रेघा का नाही फुगल्या?
शास्त्रीय प्रश्न आहे. विचार करावा लागेल.

३ मे, रविवार
१२०. मी काही करायच्या आतच तो ओरडला, झाले ना? मी हो म्हटलं. एवढंच केलं. बाकी पेन्सिलीने केलं.
त्याने आजीला फोन केला. वर्गातल्या दोस्ताला केला. मग मलाही विचारलं, बाबा, तुला कोणाला सांगायचंय का?

५ मे
आज सांगणार होतो. त्याचा दात पडला. दात पडलेल्या दिवशी कसं सांगायचं?

९ मे
सांगायला बसलो. म्हटलं, हे बघ, मोजमाप ही मोठी नाजूक गोष्ट असते. तो म्हणाला, माहितीये बाबा, म्हणून तर तुला ठेवलंय त्या कामावर.
मग आम्ही कॅरम खेळलो.

१२ मे
थोरल्याला नवे बूट. तळवा जाड. पाठीच्या कण्याला बरे, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे मी विचारलं तेव्हा तो हो म्हणाला.

१६ मे, शनिवार. सकाळी ११.५०, पार्कमधलं बाकडं
वेळापत्रक १०.४० च्या आधीच कोसळलं. धाकटीने १०.१५ लाच करून टाकली, बसच्या रांगेत.
रोलर कोस्टरच्या दाराशी लाकडी जिराफ. डोकं त्याच्या जिभेला लागलं पाहिजे. तिथली मुलगी गुडघ्यावर बसली, म्हणाली, बूट काढ हं राजा. त्याने काढले. ताठ उभा राहिला, डोळे मिटून. जीभ आणि डोकं यांच्यामध्ये माझी दोन बोटं मावली असती.
ती म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की. थोरल्याने डोळे उघडले. अजिबात रडला नाही. म्हणाला, ताई, तुमचा जिराफ चुकलाय. माझे बाबा सरकारी मापं तपासतात. बाबा, टेप काढ.
टेप खिशात असतेच. मागे तीसेक माणसं. कोणीतरी म्हणालं, काढा साहेब, होऊन जाऊ दे.
काढली. जमिनीपासून जिभेपर्यंत लावली. एकशे वीस. केसाइतकाही फरक नाही. इतकं अचूक माप मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.
थोरला टाचा उंचावून टेपजवळ गेला. आकडा त्याने स्वतः वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उन्हाने टेप ताणली असेल. टेप स्टीलची आहे. त्याला ठाऊक आहे, मीच शिकवलंय.
तो बूट घालायला बसला. नाडी बांधता बांधता त्या मुलीला म्हणाला, सॉरी ताई. बाबांचा चष्मा जुना झालाय, त्यांना घरी नीट दिसत नाही.
मी चष्मा लावत नाही.
आता तो धाकटीबरोबर बदकात बसलाय. गुडघे हनुवटीला लागलेत. तिसरी फेरी. दर फेरीला मला हात करतो.
ही शेजारी येऊन बसली. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

१८ मे
शाळा उघडल्यावर विचारतील म्हणून थोरला तयारी करत होता. दोस्ताला काय सांगायचं, ते हिला विचारत होता. मला नाही.
कामाचा ताण आहे, म्हणून मी मधे पडलो नाही.

२१ मे
कापडवाला नवी मीटरपट्टी पडताळणीला घेऊन आला. तीनदा मोजली. बरोबर होती. म्हणाला, साहेब, अजून एकदा बघा, तुमची खात्री होऊ दे. शिक्का तिरका बसला. दुसऱ्यांदा मारला.

२४ मे, रविवार. सकाळी ८.००
मोजायची वेळ. टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. खोडरबरही घेतलं होतं. आज सगळं नीट करायचं, आधी सांगायचं, मग पुसायचं.
थोरला आधीच तिथे. धाकटी चौकटीला पाठ लावून उभी. तो शाळेची पंधरा सेंटीमीटरची पट्टी एकावर एक लावत वर येत होता. दर वेळी नखाने खूण, मग पट्टी, मग खूण. त्याची स्वतःची रेघ आधीच झाली होती. बारीक, सरळ. ११६.
माझ्या रेघा त्याने पुसलेल्या नाहीत. १२० च्या शेजारी लिहिलंय, 'बाबांचा चष्मा'.
म्हटलं, टेप देऊ का? पट्टीने वेळ लागेल.
म्हणाला, नको बाबा. लागू दे.