अंगठ्याएवढं बीळ

रविवार, ११ ऑक्टोबर १९३१. दिवेलागण.

आज सकाळी चर्चमधल्या उपासनेत विपुल जीवनावर बोललो. प्रभू हात आखडून देत नाही, बाहेर खाडीकाठचं भात बघा, लोंब्यांनी वाकलंय, म्हणालो.

तेवढ्यात म्हातारा राघोकाका दारातून ओरडला, "मास्तर, खेकऱ्यानी बांधाला बील पारलाय. आंगठ्याएवराच हाय, पन आज आवस, राती मोठी भरती येल. सगली चला."

खाडीचं पाणी अडवणारा बांध गळला की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो, ही इथली रीत. माणसं उठलीसुद्धा होती. मीच बसवली. विसाव्याचा दिवस आहे, उद्या बुजवू, देव राखील. काका एकटाच गेला. माझं बोलणं मोडलं याचाच राग आला होता मला, दुसरं काय?

आत्ता बांधावरून आलो. अंगठ्याएवढ्या बिळात माझी मूठ गेली. काका चिखल थापतोय, थापलेला चिखल पाणी ढकलून देतंय. मोठी भरती अजून यायचीच आहे.

तसाच माणसं बोलवायला घरोघर फिरलो. शेजारची मार्था हसून म्हणाली, "सकाली तुमीच बोललाव ना मास्तर, देव राखील?" आणि तिने दार लोटलं. पुढच्या दारातही तेच.

घमेलं घेऊन निघतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या गावाने माझं ऐकलं.