मेढीतला आवाज

प्रिय रुचिका,

तू रिसोडच्या दुकानात बसून माझ्या लग्नाच्या साड्यांचे रंग ठरवून राह्यली असशील, अन् इकडे केनवडले आमचा मांडव भुताचा झाला! हसू नको. आधी मलेही हसूच येत होतं.

झालं असं, की बाबानं मुहूर्तमेढीसाठी बांधावरच्या उंबराची फांदी तोडली. जंगल तिथूनच सुरू होते, तुले ठाऊक आहे. फांदी एका अंगानं वाळलेली अन् तिले मागून गोल भोक, हे घाईत कोणी पाह्यलंच नाही. पूजा झाली, मेढ दारात रोवली. आता लग्न लागेपर्यंत आमच्यात ती हलवत नाहीत. संध्याकाळी तिच्या आतून आवाज सुरू झाला. बारीक, घरघरता, दात आवळून कोणी रडावं तसा. गोमती आत्याच्या हातातला तांब्याच पडला. तेव्हापासून बायका म्हणतात, ही चंदा. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, शिरपूरच्या दिनेशची पहिली बायको, विहिरीत पाय घसरून गेली ती. सवत येऊ देत नाही म्हणे. भगत लिंबू बांधून गेला, तरी आवाज वाढूनच राह्यला. आता मेढीजवळ कोणी फिरकत नाही.

मले मात्र पहिल्याच दिवशी कळलं. कॉलेजच्या शिबिरात तूच दाखवला होता ना मराठा सुतार पक्षी, पिवळ्या डोक्याचा, शेपूट खोडाले टेकून बसणारा? त्याची पिलं आहेत आत. भुकेनं घरघरतात. उंबर हाकेच्या अंतरावर, म्हणून आईबाप शोधत आले. दिवसभर अळ्या भरवतात, अन् अंधार पडला की बाप आत शिरून पिलांपाशी झोपतो. तू सांगितलं तेव्हा केवढं गोड वाटलं होतं! आता त्याची नखं लाकडावर घासली की सगळं ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

थोडी गंमत पाहून मी सांगणारच होती सगळ्यांले. पण परवा दिनेश आला. लोकांले खोटं पाडतो म्हणून ऐटीत मेढीले कान लावला. मी दाराआड होती. त्याचं तोंड पांढरं पडलं. लाकडाले हात जोडून तो पुटपुटला, की चंदे, मी नुसतं ढकललं होतं, तू मरशील असं नव्हतं वाटलं. मग केस नीट करून तो चहाले बसला.

बाबाले दिनेशचं बोलणं सांगितलं, पिलांचं मात्र नाही. ते म्हणाले, भीतीनं तुले भास होऊन राह्यले, आवाज थांबला की लगेच लग्न लावतो. माझा फोनही काढून घेतला. म्हणून हे पत्र दूधवाल्या सोमलाच्या हाती देऊन राह्यली.

काल एका पिलानं भोकातून डोकं बाहेर काढलं. पंख फुटले आहेत. ती उडाली की मेढ गप्प होईल, सगळे म्हणतील चंदा शांत झाली, अन् बाजा वाजेल. त्याच्या आत तुझ्या बाबांची गाडी घेऊन ये, साड्या दाखवायच्या निमित्तानं, अन् मले घेऊन जा. आवाज आहे तोवरच लग्न थांबलं आहे, रुचिका. आत्ता लिहिता लिहिता तो कमी झाल्यासारखा वाटून राह्यला.

वाट पाहणारी, तुझीच
सुचिता