सेहेचाळिसावी वस्तू

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घातल्या असशील. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा भाऊ टपालाने पत्र धाडतो, म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाहीतर त्याने काहीतरी उद्योग करून ठेवलाय. तब्येत ठणठणीत आहे. समोर बसून सांगितलं असतं, पण समोर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे वाक्य गेली एक्केचाळीस वर्षं अर्धंच राहिलंय.

काल तुझी लेक येऊन गेली. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही पोरीने. म्हणाली, आईने तीन आठवडे पियानोचं झाकण उघडलेलं नाही, शिकायला येणाऱ्यांना परत पाठवते, आणि रेकॉर्ड कंपनीला कळवलंय की आपल्या बाराच्या बारा जुन्या रेकॉर्डी संच करून पुन्हा काढायच्या नाहीत. कशासाठी, तर त्या संचाचं काम पाहणाऱ्या मुलीने अदबीने एक शंका विचारली. कुठल्या तारेत काय अडकवायचं त्या रचनाकाराच्या तक्त्यात शेवटचा खर्जाचा स्वर मोकळा ठेवलाय, तो घुमत घुमत विरायला हवा; तुमच्या रेकॉर्डवर तो टप् करून मरतो, असं का? झालं. तू चष्मा लावलास, तक्ता काढलास, रेकॉर्ड ऐकलीस आणि स्वतःला शिक्षा ठोठावून मोकळी झालीस. आपणच तक्ता चुकीचा वाचला म्हणे. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलीस की कागदावर आहे तेच वाजवायचं, पदरचं काही घालायचं नाही. तेव्हा आता तोंड दाखवायला जागा नाही. ताई, साक्षीदार तपासायच्या आधी निकाल द्यायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे.

त्या रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणाचा दिवस आठव. गेल्या शतकातले बाकीचे रचनाकार निदान पट्ट्यांवर तरी समाधान मानत. कुणी कोपराने वाजवायला सांगे, कुणी मुठीने, ते तू निमूट करायचीस. ह्या पठ्ठ्याला मात्र तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे असा पंचेचाळीस वस्तूंचा बाजार हवा होता. घरच्या पियानोत खिळा घालशील तर हात मोडीन, असं आईने बजावलेलं, म्हणून तो सगळा आवाज तू पहिल्यांदा ऐकलास तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच. फूटपट्टी घेऊन एकेक वस्तू तू स्वतः बसवलीस, मला जवळ येऊ दिलं नाहीस. पण तुझ्या आधी सकाळी सहापासून मी तो पियानो सुरात लावायला त्यात डोकं घालून बसलो होतो. एक स्वर लावायचा तर शेजारचा गप्प करावा लागतो. त्यासाठी तारांमध्ये लोकरीच्या जाड नमद्याची छोटी पाचर खोचायची आणि काम झालं की काढायची. सगळ्या काढल्या. एक राहिली, त्या शेवटच्या खर्जाच्या स्वराच्या तारांत. एरवी पहिल्या सरगमीलाच कुणीही ओरडलं असतं. त्या दिवशी पियानोचं पोट भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसत होतं. त्यात करड्या नमद्याचा एक तुकडा कोण बघतो? लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, मी सख्ख्या बहिणीच्याच कामात मारली.

मग तू वाजवलंस. अकरा मिनिटं. मी हजारो मैफिली दाराआडून ऐकल्यात, पण तसं पुन्हा ऐकलं नाही, तुझ्याकडूनही नाही. तो कुरकुऱ्या ध्वनिमुद्रक, ज्याला कुणाचंच काही पटत नसे, तोही यंत्र बंद करायचं विसरून उभा राहिला. तुम्ही दोघं पलीकडच्या खोलीत जाऊन फीत ऐकू लागलात आणि मी वस्तू काढून डब्यात ठेवू लागलो. पंचेचाळीस आत गेल्या होत्या, सेहेचाळीस बाहेर आल्या. सेहेचाळिसावी माझी होती. काचेपलीकडे तू रडत हसत होतीस. तुला सांगितलं असतं तर तू ती फीत तिथल्या तिथे पुसायला लावली असतीस आणि पुन्हा वाजवायला बसली असतीस. ती फीत वाचावी म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की मी घाबरलो. पियानो लावायला कंपनीला त्यांचाच माणूस हवा होता, तू भांडून मला आणलं होतंस.

पुढे समीक्षकांनी त्या टप् वर पानंच्या पानं लिहिली, आणि नवी पोरं तुझी रेकॉर्ड ऐकून त्या तारांत मुद्दाम नमदा कोंबू लागली. मी वाचायचो आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवायचो. सांगायची संधी दरवर्षी येत होती, दरवर्षी मी ती दवडली. त्याची लाज वाटते, ताई. पण तुझ्या वाजवण्याची लाज वाटून घ्यायचा अधिकार तुलाही नाही. तक्ता तू अचूक वाचला होतास. बोट अचूक पडलं होतं. त्या बारा रेकॉर्डींइतकं खरं काम आपल्या घरात कुणी केलेलं नाही.

आता पत्राचं कारण. आज सकाळी कंपनीत जाऊन त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिने संचासोबतच्या पुस्तिकेसाठी चार ओळींचं निवेदन लिहिलंय, सोबत जोडलंय: शेवटचा स्वर दबला तो पियानो लावणाऱ्याच्या चुकीने, वादिकेचा त्यात दोष नाही. खाली माझं पूर्ण नाव. बारा वेष्टनांवर ध्वनिमुद्रकाचं नाव आहे, खोलीच्या मालकाचं आहे, तुझा फोटो काढणाऱ्याचंही आहे. माझ्यासाठी तू दर वेळी भांडलीस आणि दर वेळी त्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं. आता जागा झाली. तिने दोनदा विचारलं, काका, नक्की छापू ना? मी म्हटलं, फोटोवाल्याच्या नावापेक्षा बारीक छापलंस तर बघ. फक्त तुझ्या सहीशिवाय ते निवेदनही छापता येत नाही आणि रेकॉर्डीही निघत नाहीत. रागवायचं तर माझ्यावर रागाव, हवं तर वर्षभर बोलू नकोस, पण आधी सही कर.

तुझाच,
धाकटा