बंदराच्या कचेरीतली बंदूक

प्रिय दादा,

शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्राची सुरुवात तक्रारीने करू नये. म्हणून आधी हे लिहिते, की इथलं पाणी सकाळी दुधात नीळ कालवल्यासारखं दिसतं. बोट इतकी अलगद डुलते, की चहाचा कप हातात धरून मी नुसती बसून राहते आणि चहा निवून जातो. लहानपणी तू झोपाळ्यावर मला शेजारी बसवून वाचायचास, पान उलटताना पायाने एक झोका द्यायचास. तसंच वाटतं.

आम्ही निघालो तेव्हाचं तुला आठवत असेल. जन्मभर पूल बांधलेला माणूस निवृत्त झाल्यावर शिडाची बोट घेतो म्हणाला, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. मग मात्र बंदुकीचाच धोशा लावलास. समुद्रावर शेजारीपाजारी नसतात, हाका मारल्या तरी कोण येणार, असं म्हणत तू ह्यांना परवान्यापासून नेमबाजीपर्यंत सगळं करायला लावलंस. फौजेतला मेहुणा, ह्यांची काय बिशाद नाही म्हणायची. मी एवढंच म्हटलं, की ती माझ्या कपड्यांच्या खणात नको.

गंमत म्हणजे तिने आम्हाला कधी सांभाळलं नाही, आम्हीच तिला सांभाळत आलो. दर नव्या देशात पहिल्याच बंदराच्या कचेरीत ती जमा करायची. अधिकारी काडतुसं मोजणार, पेटीला सील ठोकणार. देश सोडताना परत हवी तर त्याच बंदरात जायचं. पुढे कितीही छान वारा असो, तिच्यासाठी दोन-दोन दिवस उलट्या वाऱ्यात मागे फिरायचं. मी तिला सवत म्हणायचे. हे म्हणायचे, निदान ही जेवायला तरी मागत नाही.

लुटारू एकदाच आले, म्हणजे ह्यांना तसं वाटलं. भर दुपारी एक कोळ्याची होडी सरळ आमच्यावर येत होती. ह्यांनी बंदूक काढली. होडीतल्या म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले, आणि एका हातात आमचीच बादली होती, सकाळी डेक धुताना माझ्या हातून वाहून गेलेली. ती पाण्यात सोडून तो निमूट परत फिरला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. त्याला दोन वर्षं झाली.

अलीकडे हे जरा विसरतात. नकाशावर रेघ ओढतात आणि कुठून निघालो ते मला विचारतात. ज्या गाठी डोळे मिटून मारायचे, त्यांच्यासाठी दोर हातात घेऊन बघत बसतात. मग मी गाठ मारते, आणि ती ह्यांनीच मारली असं आम्ही दोघंही धरून चालतो. शीड मात्र अजून झकास लावतात. वारा हातांना आठवत असावा.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी पोहून शिडीने वर येत होते. वर हे उभे होते, बंदूक माझ्यावर रोखून. मी हसले, मला मस्करी वाटली. मग त्यांचे डोळे पाहिले. शांतपणे म्हणाले, "बाई, तिथेच थांबा. आत माझी बायको एकटी आहे." दादा, हे माझ्यापासून मलाच वाचवत होते. मी म्हटलं, मी ओळखते तिला, तिनेच बोलावलंय. किती वेळ शिडीला धरून होते कोण जाणे. मग त्यांनीच टॉवेल पुढे केला आणि पाणी फार गार होतं का, विचारलं. पुढच्या बंदरात बंदूक नेहमीसारखी जमा केली. जमा केल्याची पावती या पाकिटात आहे, कारण आम्ही ती न्यायला परत जाणार नाही. वारा चांगला आहे. चार दिवसांत मोठ्या गावी पोहोचू, तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पण त्याआधी ह्यांचा तुला फोन येईल, दुसरी बंदूक मिळवून दे म्हणून. तू ह्यांना आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाहीस. या वेळी म्हण. कारण विचारलं तर काहीही सांग, माझं नाव घेतलंस तरी चालेल. फक्त ती दुपार सांगू नकोस. त्यांना ती आठवत नाही.

तुझीच,
धाकटी