आईंच्या खोलीचं बिल

३ ऑक्टोबर

भाडं वाढलं! जानेवारीपासून. घरमालक स्वतः जिना चढून सांगायला आले, तेही बरोब्बर चहाच्या वेळेला. म्हणजे भाडंही वाढवलं आणि चहाही पिऊन गेले. "महागाई आहे हो वहिनी, माझाही नाइलाज आहे." नाइलाज! खाली दिवाणखान्यात या माणसाने भिंतभर काचेची पेटी ठेवलीय, त्यात मासे. माशांना दिवसरात्र दिवा, माशांना हवेचा पंप, थंडीत माशांना कोमट पाणी. मी त्यांना मत्स्यराज म्हणते. अर्थात इथेच, वहीत.

वाढीव भाडं जमलं नाही तर एका खोलीचं घर बघावं लागेल. मग आईंची खोली गेली. आणि खोली गेली की आई थोरल्या दिरांकडे, म्हणजे थोरल्या जाऊबाईंकडे! घरात पाहुणा आला की आधी पडदे दाखवणारी बाई ती. तिच्या हवाली सासूबाईंना करायचं? छे. आईंशी माझं रोज वाजतं, पण ते आमचं घरचं आहे. त्या माझ्याच आहेत.

४ ऑक्टोबर

नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. हा माणूस बस डेपोच्या भांडारात सुटे भाग सांभाळतो, चिठ्ठीशिवाय कुणाला स्क्रूसुद्धा देत नाही. आज जेवताना म्हणाला, "कमाई वाढणार नाही, म्हणजे बिलं कमी करायची. कुठून गळतंय ते शोधायचं."

आई म्हणाल्या, "आधी स्वतःचं डोकं बघ, तिथून काही गळतंय का."

मला हसू आलं. नवरा माझ्याशी दिवसभर बोलला नाही. आईंशी बोलला!

८ ऑक्टोबर

पेपर बंद. टीव्हीची चॅनेलं कापली—उरलीत ती एक बातम्यांचं आणि एक, ज्यात दोन माणसं जुन्या गाड्या दुरुस्त करतात. आई दुसरं बघतात. म्हणतात, निदान इथे काहीतरी दुरुस्त होतं.

माझा मोबाइलचा पॅकही कापला. "दवाखान्यात फोन आहेच की!" आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, फोन पेशंटसाठी असतो. आज नवऱ्याचा फोन नेमका डॉक्टरांनी उचलला. "कुठला दात दुखतोय?" "दात नाही, गॅस बंद केलाय का ते विचारायचं होतं." डॉक्टरांनी मला आत बोलावून विचारलं, "गॅस बंद केलाय का?" मान खाली घालून हो म्हटलं.

१५ ऑक्टोबर

घाऊक खरेदीत बचत असते म्हणे. नवऱ्याने कांद्याचं पोतं आणलं. वर दोन झाडूंवर एक फुकट मिळत होता, म्हणून तीन झाडू. "पण आपल्याला झाडू नकोच होता!" "फुकट होता." "एक फुकट होता!"

२३ ऑक्टोबर

पोतं खालून सडलं. घरभर वास. झाडू उपयोगी पडला, हे नवऱ्याने लक्षात आणून दिलं.

२४ ऑक्टोबर

चेष्टा पुरे. हिशेब केला तर कळतंय की खरा राक्षस विजेचं बिल आहे. बाकी सगळं कापून जेवढं वाचतं तेवढं ते एकटं खातं. गेल्या वर्षी नवीन मीटर बसवले तेव्हापासून हे सुरू झालं. मला तो दिवस पक्का आठवतो. मीटरवाला एकटाच आला होता, घाईत होता, आणि मत्स्यराज त्याच्या डोक्यावर उभे—"आधी माझं! माझे मासे आहेत! आधी माझं लाव!" लावलं बिचाऱ्याने. आम्ही भाडेकरू, आमचं मागाहून.

तर आता मोर्चा विजेकडे. प्रत्येक बटणावर नवऱ्याने कागद चिकटवलाय—"गरज आहे का?" न्हाणीघरातल्यावरसुद्धा. काळोखात बसून मी त्या प्रश्नावर विचार केला.

५ नोव्हेंबर

बिल आलं. तेवढंच!!

गिझर एक दिवसाआड, इस्त्री फक्त नवऱ्याच्या गणवेशाला, फ्रीज रिकामा करून धुऊन परत लावला—आणि बिल तेवढंच. नवऱ्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही सवलत लिहिली असेल अशी आशा.

जिन्यात मत्स्यराज भेटले. "आमचं बघा, चांगलं उतरलंय. सवयी लागतात, वहिनी. मी खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो. साध्या गोष्टी असतात." हात जोडून ऐकून घेतलं.

११ नोव्हेंबर

नवरा म्हणतो मी त्याच्यामागे इस्त्री करते. मी म्हणते तो पहाटे उठून चोरून पाणी तापवतो. आज त्याने इस्त्रीला हात लावून पाहिला, गरम आहे का! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असला स्पर्श कधी माझ्या वाट्याला आला नाही.

१९ नोव्हेंबर

आईंचा दिवा.

शेवटी गाडी तिथे येऊन थांबली. आई रात्रभर उशाशी छोटा दिवा ठेवतात. बाबा गेल्यापासून. "अंधारात माझी मी मला सापडत नाही," म्हणतात. वर रेडिओ. नवरा बोलायला कचरत होता, आई त्याची आहे ना. मग मी गेले. गोड बोलले. "आई, रात्री उठलात तर ही बॅटरी उशाशी ठेवा. दिवा कशाला रात्रभर?" आईंनी बॅटरी हातात घेतली, पेटवून छताकडे बघितलं, विझवली. म्हणाल्या, "बरं."

नेहमी एका वाक्याला चार वाक्यं परत देणारी बाई "बरं" म्हणाली, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं!

२० नोव्हेंबर

खात्री असावी म्हणून मी दिव्यातला बल्ब काढून कपाटात ठेवला.

५ डिसेंबर

बिल वाढलं. वाढलं!! थंडी पडली, आम्ही तीन-तीन चादरी घेऊन कुडकुडतोय, आणि बिल वाढलं.

नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि आईंच्या दारातून ओरडला, "आई, रेडिओ चालू राहतो का दिवसभर?" आतून आवाज आला, "रेडिओ तू परवा भांडारात नेलास ना, विकायला." खरंच की. तो विसरला होता.

पण खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं. जेवताना आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "गरम पाणी." आणि दोघांचेही डोळे आईंकडे. आईंनी ताट पुढे सारलं. उरलेलं मी जेवले, टाकायचं कशाला म्हणून.

१२ डिसेंबर

आई लंगडताना दिसल्या. "काय झालं?" "काही नाही, टेबल मध्ये आलं." टेबल गेली कित्येक वर्षं तिथेच आहे. मी बॅटरीचं विचारलं. म्हणाल्या, "सेल संपतात गं. जपून वापरते."

मला लागलं ते. पण बिल डोळ्यांसमोर होतं.

१६ डिसेंबर

आई थोरल्या दिरांकडे गेल्या. "चार दिवस जाऊन येते. माझ्यामुळे बिल येतंय का तेही कळेल तुम्हाला." हसत म्हणाल्या, नेहमीसारख्या. पिशवी मात्र चार दिवसांची नव्हती.

उशीवर बॅटरी ठेवलेली. उचलली तर हलकी लागली. सेल काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेत, उगाच संपायला नकोत म्हणून.

१७ डिसेंबर

नवरा आईंच्या खोलीच्या दारात उभा होता. बटणावर "गरज आहे का?" तो कागद होता. काढून खिशात घातला.

३० डिसेंबर

चार दिवसांचे बरेच दिवस झाले. जाऊबाईंचा फोन: "आई मजेत आहेत हं, काळजी नको." तो आवाज! जणू नवा सोफा घेतलाय. मी दात आवळून "छान छान" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, दात असे आवळू नका, झिजतात.

६ जानेवारी

बिल आलं. आई नाहीत. दिवा नाही, रेडिओ नाही, त्यांच्या अंघोळीचं पाणी नाही. बिल गेल्या महिन्याहून जास्त!

नवरा म्हणाला, "म्हणजे आई नव्हती." मी म्हटलं, "नव्हत्या." दोघंही ते बिल मध्ये ठेवून बसून राहिलो. मला इतकी लाज वाटली की उठून दिवा लावायचंही सुचलं नाही.

नवीन भाड्याला मुदत मागायची म्हणून खाली गेले. मत्स्यराज खुशीत. "आमचं बिल या वेळी कधी नव्हे इतकं कमी! बघा, काटकसर याला म्हणतात." मागे पेटीत लख्ख उजेड, पंप बुडबुडतोय, पाणी तापवायच्या कांडीवरचा लाल दिवा लागलेला. हा माणूस काटकसर करतोय?

मुदत मागायची विसरूनच गेले. जिन्यात थबकले. यांचं उतरतंय कधी? आम्ही हात आखडतो तेव्हा. आमचं चढलं कधी? माशांना थंडी वाजायला लागली तेव्हा!

७ जानेवारी

दवाखान्यात अर्ध्या दिवसाची रजा. घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजचीसुद्धा, आणि जिन्याखाली जाऊन मीटरच्या कपाटाचं दार उघडलं. मीटरवर लाल ठिपका असतो, वीज वापरली की लुकलुकतो. आमच्या नंबराचा ठिपका—वेड लागल्यासारखा लुकलुकत होता. वर एक पंखासुद्धा चालू नसताना! आणि घरमालकांचा? ढाराढूर झोपलेला.

धावत वर. इस्त्री लावली, गिझर लावला, मिक्सर नुसताच घुर्र फिरवत ठेवला. धावत खाली. घरमालकांचा ठिपका जागा झाला आणि नाचायला लागला!

तिथेच जिन्यात बसले. "आधी माझं, आधी माझं"—आणि त्या घाईत मीटरवाल्याने मत्स्यराजांचं मीटर आमच्या तारांवर बसवलं, आमचं त्यांच्या. वर्षभर आम्ही त्यांची वीज भरतोय आणि ते आमची. आम्ही जितका अंधार केला तितकं त्यांचं बिल उतरलं. आईंच्या उशाचा दिवा मी काढून घेतला त्याची बचत त्या माणसाच्या खिशात गेली, आणि त्याच्या माशांच्या उजेडाचे पैसे मी आईंकडून वसूल करत होते. बोलून, टोचून, जेवणाच्या ताटावर बसून.

वर मिक्सर जळाल्याचा वास आला. तेवढीच खरी उधळपट्टी.

११ जानेवारी

वीज कंपनीचा वायरमन आला. आधी आमचं मेन स्विच पाडलं: घरमालकांचा ठिपका गप्प. मग खालचं पाडलं: आमचा गप्प. आणि काचेची पेटी काळोखी!

"माझे मासे!" मत्स्यराज किंचाळले.

नवरा शांतपणे म्हणाला, "त्यांना बॅटरी द्या." या माणसाशी लग्न केल्याचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला.

वायरमनने सगळं लेखी दिलं. मत्स्यराज चेहरा पाडून वर आले. वर्षभराचा फरक ते फेडतील, म्हणजे भाड्यातून वळता होईल, आणि वाढ रद्द. चहा विचारला नाही.

खोली राहिली! आईंची खोली राहिली!!

१२ जानेवारी

बल्ब परत लावला. रेडिओ विकत घेणाऱ्याकडून परत विकत आणला, अर्थात महाग. नवऱ्याने चिठ्ठी मागितली नाही. आईंना फोन लावला, सगळं सांगितलं, मीटर, मासे, मिक्सर. खूप हसल्या. मी रडले, चुकलं म्हटलं. "अगं, होतं," म्हणाल्या. रविवारी घ्यायला येतो म्हटलं तर म्हणाल्या, "बघू."

१७ जानेवारी

आईंचा फोन. "रविवारी येऊ नका गं. राहीन म्हणते इथेच. आले त्याच रात्री थोरलीने माझा गुडघा बघितला. विचारलं काहीच नाही. माझ्या खोलीबाहेरच्या बोळातला दिवा लावला, तो अजून रात्रभर मालवत नाही."